प्रति: एजंटला फाइंड-रिप्लेस दिलं की झालं?

वर कुणीतरी म्हटलंय की एआय एजंटला (आपल्यासाठी कामं करणाऱ्या एआयला) गूगल डॉक्सचं फाइंड-रिप्लेस जोडून दिलं की विषय संपला. मराठी फाइलवर चालवून बघा एकदा, 'पुणे' काढून 'नाशिक' टाक म्हटलं की 'पुण्यात', 'पुण्याहून' जिथल्या तिथे आणि वर 'पुणेरी पगडी'ची 'नाशिकरी पगडी', कारण एपीआयची (एजंट ज्या वाटेने डॉक्सला हुकूम पाठवतो तिची) रिप्लेस-ऑल रिक्वेस्ट नुसती अक्षरं जुळवते, तिला सामान्यरूप काय कळणार कप्पाळ! त्यामुळे आधी फाइल वाचून सगळी रूपं काढायला लावा, मग त्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच बॅच अपडेटमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, पाठवा, त्यात एखादी रिक्वेस्ट चुकीची असली तर काहीच लागू होत नाही, ते बरंच आहे. आणि किती ठिकाणी बदल झाला तो आकडा एपीआयच्या उत्तरात येतो, तो तपासायला एजंटला बजावून सांगा, नाहीतर एकही बदल न होता पठ्ठ्या 'झालं' म्हणून मोकळा.