ओव्हरक्लॉक केलेला पीसी सुरूच होत नाही तेव्हा : अनुभव धागा

ओव्हरक्लॉकिंगवर (प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यावर) लिहिताना किती वेग मिळाला हे सगळेच सांगतात. पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, तेव्हा काय करायचं हे मात्र एका जागी सापडत नाही. ते इथे जमवू या. आपबीती नको, लक्षण, कारण, आकडे आणि उपाय लिहा.

सुरुवात मी करतो. काहीही बदलण्याआधी मशीन कुठे अडलंय ते बघा. बऱ्याच मदरबोर्डांवर रॅमच्या बाजूला सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहतो, तिथे गाडी अडली. डीरॅमवर अडली तर रॅमचा वेग, टायमिंग किंवा व्होल्टेज बघा. चारही दिवे पार होऊन विंडोजचं चक्र फिरताना मशीन गोठलं, तर प्रोसेसरच्या कोअरला व्होल्टेज कमी पडत असण्याची शक्यता जास्त.

*

डीडीआर५ रॅम असेल तर आधी धीर धरा. सीमॉस क्लिअर केल्यावर (म्हणजे बोर्डाने साठवलेली सेटिंग पुसल्यावर) किंवा एक्सपो, एक्सएमपी (रॅमच्या जास्त वेगाची तयार सेटिंग) चालू केल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे त्या वेगाला रॅम जुळवून बघतो. त्याला काही मिनिटं लागू शकतात, ६४ जीबी असेल तर आणखी. तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा चालू. मध्येच पॉवर बंद केली की सगळं पहिल्यापासून. मी १५ मिनिटं घड्याळ लावून थांबते, त्याआधी हात लावत नाही.

आणि एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच, हे लक्षात असू द्या. डीडीआर५चं मूळ व्होल्टेज १.१, ६००० च्या किटला १.२५ ते १.४ लागतं. चार पट्ट्या लावून तोच वेग मिळेल असं धरून चालू नका.

*

सीमॉस नीट क्लिअर न करता "रीसेट करूनही होत नाही" म्हणणारे फार. क्रम असा : पीएसयूचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) मागचं बटण बंद, वायर काढा, मग केसचं पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा. कधी कधी पंखा अर्धा वळसा घेऊन थांबतो. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज तेवढी संपली. आता क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ५-१० सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल काढून ५ मिनिटं थांबा. सेल हातात आहेच तर मल्टिमीटर लावा. ३ व्होल्टच्या जागी २.७ दिसले तर नवीन टाका. नाहीतर वायर काढली की सेटिंग पुसली जातील आणि दोष ओव्हरक्लॉकच्या माथी येईल.

एवढं करूनही उठलं नाही, तर एकच पट्टी ठेवा, सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये.

*

रात्रभर बंद असलेला पीसी सकाळी उठत नाही, रीसेट दाबला की उठतो आणि मग मेमटेस्ट ही रॅमची चाचणीही निर्दोष जाते. हा कोल्ड बूटचा दोष. ट्रेनिंग थंड रॅमवर काठावर पास होतं किंवा नापास होतं, आणि गरम झाल्यावरची चाचणी ते दाखवतच नाही. रॅमचं व्होल्टेज ०.०१ ने वाढवून बघा, फार तर दोन-तीन पायऱ्या. नाही जमलं तर ६००० वरून ५८०० वर या; त्या २०० साठी रोजची कटकट परवडत नाही. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरवर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर वगैरे भागांचं) १.३० च्या पुढे नको. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने ही मर्यादा बायॉसमधूनच (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) घातली आहे. सेटिंग पक्कं म्हणण्याआधी वीज पूर्ण तोडून ५ वेळा सुरू करा.

*

कर्व्ह ऑप्टिमायझर (रायझनच्या कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं बायॉसमधलं सेटिंग) वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. एक काउंट म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. म्हणजे उणे ३० ला ९० ते १५० मिलिव्होल्ट कमी. सगळे कोअर लोडवर असताना वेग खाली असतो, त्यामुळे स्ट्रेस टेस्ट तासन् तास चालते. विंडोज सुरू होताना मात्र एखादाच कोअर क्षणभर सर्वांत वरच्या बूस्टला उडी मारतो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून मशीन लॉगिनच्या वेळी रीस्टार्ट होतं.

कोणता कोअर, तेही सापडतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडून व्हीआ-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या विंडोजच्या भागाची) १८ क्रमांकाची नोंद बघा. त्यात एपिक आयडी, म्हणजे थ्रेडचा क्रमांक, असतो. ८ कोअरच्या रायझनमध्ये एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असेल तर आयडी ६ आणि ७ म्हणजे कोअर ३, मोजणी शून्यापासून. फक्त तोच कोअर उणे ३० वरून उणे २५ वर आणा. सगळे एकदम बदलले तर काय शिकलात ते कळणार नाही. कर्नल-पॉवर ४१ ची नोंद मात्र एवढंच सांगते की मशीन अचानक बंद पडलं. तिच्यावरून निदान करू नका.

*

'टक' असा आवाज येऊन सगळं बंद, आणि पुन्हा बटण दाबलं तरी ढिम्म : पीएसयूचं संरक्षण लागलंय. मागचं बटण बंद करून मिनिटभराने पुन्हा लावा. सीपीयूची ८ पिनांची केबल खटका बसेपर्यंत दाबली आहे ना, तेही बघा.

*

बेस क्लॉक (ज्याच्या पटीत बाकीचे वेग ठरतात तो) १०० मेगाहर्ट्झवर राहू द्या. वेगळा क्लॉक जनरेटर नसलेल्या बोर्डावर त्याच्यासोबत पीसीआय एक्स्प्रेसही वाढतं, आणि १०३-१०५ च्या आसपास एनव्हीएमई ड्राइव्ह दिसेनाशी होऊ शकते.

*

इंटेल १३ व्या-१४ व्या पिढीचे वरचे प्रोसेसर मूळ सेटिंगवरही अडखळत असतील तर २०२४ चा ०एक्स१२बी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा त्यानंतरचा असलेलं बायॉस टाका. आधी झालेली झीज त्याने भरून येत नाही, तेव्हा वॉरंटी.

*

विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. त्यात शटडाउन केल्यावर कर्नलची मेमरी डिस्कवर ठेवली जाते, म्हणजे डळमळीत रॅमने बिघडलेला भाग सेटिंग सुधारल्यावरही परत येऊ शकतो. रॅम ठीक झाल्यानंतरच सिस्टम फाइल चेकर (विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवा. आधी चालवलात तर दुरुस्तीच बिघडलेली लिहिली जाईल. आणि बायॉस अपडेट करण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी की कागदावर उतरवा, कारण अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते. बायॉसमधल्या सेटिंगचे फोटोही काढून ठेवा. जुनी प्रोफाइल नव्या बायॉसवर बरेचदा लोड होत नाही.