मदत हवी आहे: सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ, कानांची तपासणी 'रेफर'

नमस्कार. आम्ही डिचोलीचे. लेक ३१व्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ४०० ग्रॅम. महिनाभर काचेच्या पेटीत होती, कावीळही झाली. घरी सोडताना ओएई तपासणीत (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद बघतात ती) दोन्ही कान 'रेफर' आले, म्हणजे पास झाले नाहीत, पुढची तपासणी हवी. कानात पाणी राहिलं तरी असं येतं, बेरा (बाळ झोपेत असताना डोक्याला तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी) केल्यावरच नक्की कळेल, असं डॉक्टर म्हणाले. पण काल सासूबाईंच्या हातून पितळेचं ताट पडलं आणि हिची पापणीसुद्धा हलली नाही. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही.

बेरासाठी तुम्ही बाळाला झोपवलं कसं? तीन महिन्यांत निदान व्हावं म्हणतात, ते जन्मतारखेपासून धरायचं की सुधारित वयाने, म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या मूळ बाळंतपणाच्या तारखेपासून? म्हापसा-पणजीकडे कुणी केली असेल तर कृपया सांगा. अंगाई मी रोज गातेच आहे, तिला छातीशी धरून.