व्हीलॅन 40 रात्री डाऊन, 20 मात्र अप. असं का?

काटेवाला: साखर कारखान्यात नेटवर्क बघतो. कोअरला, म्हणजे मधोमध, सिस्कोचा लेयर थ्री कॅटॅलिस्ट (राउटिंगही करणारा स्विच). व्हीलॅन 40 वर (स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) वजनकाट्याचा एकच पीसी, थेट कोअरच्या पोर्टला. सध्या हंगाम बंद, त्यामुळे काट्यावरचे अण्णा पाच वाजता भिंतीवरचं बटणच बंद करून जातात. लगेच इंटरफेस व्हीलॅन 40 (कोअरचा त्या व्हीलॅनमधला पत्ता ज्यावर आहे तो) डाऊन, आणि मॉनिटरिंगचे मेल रात्रभर. ऑफिसचेही सगळे पीसी बंद असतात, तरी व्हीलॅन 20 अप! 'नो शटडाऊन' (इंटरफेस चालू ठेवायची कमांड) दोन्हीकडे आहे.

रॅकमामा: याला ऑटोस्टेट म्हणतात, म्हणजे पोर्ट बघून व्हीलॅनचा इंटरफेस आपोआप अप-डाऊन होणं. अप राहायला तीन गोष्टी लागतात. व्हीलॅन डेटाबेसमध्ये अ‍ॅक्टिव्ह हवा, इंटरफेस शट नको, आणि त्या व्हीलॅनचा निदान एक पोर्ट अप असून स्पॅनिंग ट्रीत (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) फॉरवर्डिंग हवा. हा पोर्ट ट्रंक (एकाच तारेवर अनेक व्हीलॅन नेणारा) असला तरी चालतो. 20 तुमच्या ऑफिसच्या ट्रंकवर जिवंत असणार. 'शो इंटरफेसेस ट्रंक'चा अगदी खालचा भाग बघा, वरच्या अलाउड यादीवर जाऊ नका. आणि काट्याच्या पोर्टला पोर्टफास्ट (पोर्ट लगेच फॉरवर्डिंगला नेणारी सेटिंग) नसेल तर सकाळीही लिसनिंग 15, लर्निंग 15 असे 30 सेकंद इंटरफेस डाऊनच राहील.

नवा_सीसीएनए: पोर्टवर 'स्विचपोर्ट ऑटोस्टेट एक्सक्लूड' टाका ना.

रॅकमामा: अहो, उलटं होईल! एक्सक्लूड म्हणजे तो पोर्ट हिशेबातच धरायचा नाही. मग पीसी चालू असतानाही 40 डाऊन. ते स्निफर (नेटवर्कवरची पॅकेट टिपणारं साधन) वगैरे लावलेल्या पोर्टसाठी असतं. नेक्ससवर (सिस्कोचे डेटा सेंटरचे स्विच) इंटरफेसखाली 'नो ऑटोस्टेट' देता येतं, पण सगळ्या कॅटॅलिस्टवर ते मिळत नाही. मी तर असलं तरी देत नाही. पलीकडे कुणी नसताना रूट जिवंत ठेवून काय मिळवायचं? मॉनिटरिंगला कोअरचा लूपबॅक (आभासी इंटरफेस) द्या, तो पोर्टांवर अवलंबून नसतो.

काटेवाला: बरोबर, खालच्या भागात ट्रंकवर 20 आहे, 40 नाही. अजून एक. रात्री काट्याच्या पीसीला ट्रेसरूट (पॅकेटची वाट दाखवणारी कमांड) मारला तर कोअर, फायरवॉल, कोअर, फायरवॉल असं चालूच राहतं.

रॅकमामा: इंटरफेस पडला की कनेक्टेड रूट (थेट जोडलेल्या सबनेटचा) जातो. मग पॅकेट डीफॉल्ट रूटने फायरवॉलकडे, आणि फायरवॉलचा आतला रूट ते परत कोअरकडे ढकलतो, टीटीएल (पॅकेटच्या टप्प्यांची मर्यादा) संपेपर्यंत. कोअरवर 40 च्या सबनेटचा नल झीरोकडे (पॅकेट टाकून देणारा इंटरफेस) स्टॅटिक रूट टाका, डिस्टन्स 250 (आकडा मोठा तितकी पसंती कमी). दिवसा कनेक्टेडच जिंकेल, रात्री पॅकेट तिथेच मरेल.

काटेवाला: टाकला, लूप गेला. पोर्टफास्टही दिला. मॉनिटरिंगचा पत्ता उद्या बदलतो. अण्णांना काही सांगत नाही, विजेचं बिल वाचवतात ते.