सर्दी-तापात मुलाला शाळेत पाठवावे की घरी ठेवावे?

प्रश्न : पहिलीची आई, पुणे

नमस्कार. माझा मुलगा पहिलीत शिकतो. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून त्याची सर्दी पूर्णपणे गेली असे झालेच नाही, आणि त्यामुळे आज पाठवायचे की नाही हा निर्णय शाळेची व्हॅन येण्याच्या वेळी घाईत घ्यावा लागतो. शाळेची सूचना एवढीच आहे की आजारी मुलाला पाठवू नये. पण नुसते नाक वाहत असेल तर तो आजार धरायचा का, याचा त्यात उल्लेख नाही. सासूबाईंना वाटते की शिंका येत असल्या तरी घरी ठेवावे, तर माझ्या पतींच्या मते ताप नसेल तर शाळा बुडवू नये. वर्गशिक्षिकांनी पालकसभेत सांगितले की काही मुलांना सकाळी तापाचे औषध पाजून पाठवले जाते आणि मधल्या सुट्टीनंतर ती तापाने फणफणतात. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे त्या पालकांची अडचण मला समजते. तरीही तसे करणे मला पटत नाही. ताप किती असल्यास घरी ठेवावे, तो उतरल्यावर किती थांबावे, आणि जुलाब, डोळे येणे किंवा अंगावर पुरळ असल्यास काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : बालरोगतज्ज्ञ, नाशिक

मी पालकांना दोन गोष्टी पाहायला सांगतो. मूल वर्गात चार-पाच तास बसू शकेल का, म्हणजे ते नेहमीसारखे खाते-पिते आणि खेळते आहे का, हे आधी पाहावे. आणि त्याला घरी ठेवल्याने इतर मुलांना होणारा संसर्ग खरोखर टळणार आहे का, हे त्यानंतर. साध्या सर्दीच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा नाही असेच येते, कारण सर्दीचा विषाणू लक्षणे दिसण्याच्या आधीपासून पसरू लागतो. या वयाच्या मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक असते आणि प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवस चालते. दर वेळी घरी ठेवायचे म्हटले तर मूल शाळेत जाणार तरी केव्हा? तेव्हा ताप नसेल, भूक चांगली असेल आणि रात्री झोप लागली असेल, तर रुमाल देऊन खुशाल पाठवावे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करण्याचेही कारण नसते. मात्र खोकल्याने झोप मोडत असेल, खोकता खोकता उलटी होत असेल, धाप लागत असेल किंवा श्वास घेताना फासळ्यांमधली जागा आत ओढली जात असेल, तर त्या दिवशी शाळा नाही, डॉक्टरांकडे जावे.

तापाच्या बाबतीत १००.४ अंश फॅरनहाइट ही मर्यादा धरावी. काखेत मोजलेले तापमान तोंडातल्यापेक्षा थोडे कमी भरते, हे ध्यानात असू द्यावे. ताप उतरल्यावर, कोणतेही तापाचे औषध न देता पूर्ण २४ तास तो परत आला नाही, तर मूल शाळेत जाऊ शकते. औषध न देता, ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, म्हणून सकाळी सहाला पाजलेले औषध दहा ते बाराच्या दरम्यान उतरते. मधल्या सुट्टीनंतर फणफणणाऱ्या मुलांचे कारण हेच. या औषधाने ताप झाकला जातो, आजार पसरणे थांबत नाही. ॲस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीही देऊ नये.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत २४ तासांचा हा नियम पुरेसा नसतो, याचे कारण डेंग्यू. डेंग्यूमध्ये खरा धोका साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, म्हणजे नेमका ताप उतरू लागल्यावर सुरू होतो. ताप गेला म्हणून घरातले निश्चिंत होतात, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागलेला असतो. ताप उतरूनही मूल मलूल असेल, पोटात सतत दुखत असेल, वारंवार उलट्या होत असतील, हातपाय गार पडत असतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर शाळेचा विचार सोडून तातडीने रुग्णालय गाठावे. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन देऊ नये. डेंग्यू एका मुलाकडून दुसऱ्याला थेट होत नाही. इथे घरी ठेवायचे ते त्या मुलाच्याच जिवासाठी.

जुलाब आणि उलट्या थांबल्यावर किमान २४ तास, आणि शक्य असल्यास ४८ तास घरी ठेवावे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावी, अर्ध्या ग्लासात नव्हे. जुलाबांच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही, म्हणून हात साबणाने धुवावेत.

कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस मूल घरीच हवे. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची मिळत नाही. तेव्हा मुलाचे कार्ड एकदा काढून पाहावे. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा आजार मात्र वेगळा आहे. त्याचा विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, त्यामुळे तो पूर्ण जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. ताप गेला, फोड सुकले आणि मूल जेवू लागले की पाठवावे. डोळे आले असतील तर लाली, चिकटपणा आणि पाणी येणे कमी होईपर्यंत घरी ठेवावे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली होती. अशा साथी बहुधा विषाणूंच्या असतात, त्यांवर अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग होत नाही आणि दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब डोळ्याला अपाय करू शकतात. डोक्यात उवा झाल्या म्हणून शाळा बुडवण्याची गरज नाही.

प्रतिसाद : प्राथमिक शिक्षक, माण तालुका

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले सर्व योग्य आहे. फक्त जिल्हा परिषदेच्या शाळेतील परिस्थिती इथे मांडावीशी वाटते. आमच्याकडचे बरेच पालक मजुरीला जातात. मूल घरी ठेवले तर एकाची दिवसाची मजुरी बुडते आणि मुलाचा शाळेतला पोषण आहारही चुकतो. बहुतेक वेळा मजुरी बुडतच नाही, कारण आजारी भावाला सांभाळण्यासाठी पाचवी-सहावीतली मोठी बहीण घरी थांबते. एका मुलाच्या तापात दोन मुलांची शाळा जाते, आणि त्यातली मुलीची गैरहजेरी कोणाच्या हिशेबात धरली जात नाही. म्हणून आम्ही पालकांना सांगतो की लहान मूल आजारी असेल तर आम्हाला फोन करा, पण ताईला शाळेत पाठवा. अंगणवाडी सेविका, शेजारच्या आजी, कोणीतरी पाहील, ती व्यवस्था करायला आम्ही मदत करू.

वर्षभर शंभर टक्के हजेरी लावणाऱ्या मुलाला बक्षीस देण्याची प्रथाही शाळांनी बंद करावी, असे माझे ठाम मत आहे. त्या प्रमाणपत्रासाठी मुलेच ताप लपवतात. ७५ टक्के हजेरीची अट दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी असते. पहिलीच्या मुलाच्या पालकांनी त्या भीतीने त्याला आजारात पाठवण्याचे काहीही कारण नाही.

प्रतिसाद : दोन मुलांची आई, ठाणे

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना कायद्यानुसार खासगी नोकरीत वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा मिळते, आणि डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार मुलाला सर्दीच सहा ते आठ वेळा होते. हा हिशेब पाहता सर्दीसाठी रजा खर्च करणे परवडणारे नाही; ती ताप आणि जुलाबांसाठी राखून ठेवावी लागते. आमच्याकडे निर्णय आदल्या रात्रीच होतो. रात्री आठनंतर ताप भरला, तर दुसऱ्या दिवशी शाळा नाही हे तेव्हाच ठरते, कारण सकाळी अंग गार लागले तरी २४ तास झालेले नसतात. घरी कोणी थांबायचे हेही त्याच वेळी ठरते, आणि त्यात वडिलांची पाळी आईइतक्याच वेळा यायला हवी.

पहिलीची आई, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. तापमापीवर ९९.५ दिसले तर काय करावे? आणि सासूबाईंना मधुमेह आहे, तर मुलाला त्यांच्याजवळ ठेवणे योग्य आहे का?

बालरोगतज्ज्ञ, नाशिक

९९.५ ला ताप म्हणत नाहीत. मूल खेळकर असेल तर पाठवावे, पण वर्गशिक्षिकांना तसे कळवून हमखास उचलला जाईल असा फोन क्रमांक द्यावा. मूल न खाता पडून राहत असेल तर आकडा काहीही असो, घरी ठेवावे. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना फ्लू त्रासदायक ठरू शकतो, आणि एकदम चढलेला ताप, अंगदुखी व कोरडा खोकला ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी शक्यतो तुमच्यापैकी एकाने रजा घ्यावी. तेवढे जमत नसेल तर आजींनी मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलाला वेगळ्या अंथरुणावर झोपवावे. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते; पुढच्या पावसाळ्यापूर्वी ती मुलाला आणि आजींना, दोघांनाही द्यावी.