कलावंत आवडतो, माणूस सलतो: तुमचं काय झालं?

ॲलिस मन्रो मे २०२४मध्ये गेली. कॅनडाची कथालेखिका, २०१३च्या नोबेलची मानकरी. आमच्या वाचनमंडळात तिच्या कथा आम्ही आळीपाळीने मोठ्याने वाचत आलो होतो. ती जाऊन दोन महिने होत नाहीत तोच तिच्या धाकट्या मुलीने 'टोरांटो स्टार'मध्ये लेख लिहिला. ती नऊ वर्षांची असताना सावत्र बापाने तिच्यावर अत्याचार केला होता. १९९२मध्ये तिने आईला पत्रातून सगळं कळवलं. आई काही काळ घर सोडून गेली आणि मग त्याच्याकडेच परतली. २००५मध्ये त्या माणसाने कोर्टात गुन्हा कबूल केला. तरीही तो मरेपर्यंत मन्रो त्याच्यासोबतच राहिली.

मंडळात दोन तट पडले. एकजण म्हणाली, पुस्तकं आजच रद्दीत देते. दुसरी म्हणाली, कथेने काय पाप केलंय? मी घरी येऊन त्या कथा पुन्हा काढल्या. मन्रोच्या बायकांना घरात काय चाललंय ते कळत असतं, पण त्या बोलत नाहीत. त्या गप्प बसण्याचं मला केवढं अप्रूप होतं! माणसाच्या मनाची केवढी समज, असं वाटायचं. आता तिथे मला ती मुलगी दिसते, जिचं पत्र आईने वाचून ठेवून दिलंय. कथा वाईट झालेली नाही. उलट आणखी धारदार झाली आहे, आणि तेच सोसत नाही. पुस्तकं मी ठेवली आहेत, पण हातात घेत नाही.

तुम्हाला हे कुणाच्या बाबतीत सोसावं लागलं? तत्त्वचर्चा नको, तुमचा अनुभव लिहा. कुणाचं गाणं, कुणाची कविता, कुणाची चित्रं. नंतर काय कळलं, आणि तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत. जे सार्वजनिकरीत्या नोंदलेलं आहे तेवढंच नावानिशी लिहा. ऐकीव गोष्टी नकोत.

*

छत्रपती संभाजीनगर, बँकेतून निवृत्त

आमच्या घरात नामदेव ढसाळ हे नाव बाबासाहेबांच्या खालोखाल घेतलं जायचं. वडिलांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेल्या. १९७२ साली ढसाळांची दलित पँथर ही संघटना निघाली आणि त्याच वर्षी त्यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. वडिलांची प्रत शिलाई सुटलेली, पानं खाली-वर झालेली. मी कॉलेजात ती वाचली तेव्हा अर्धे शब्द कळले नाहीत. ते नाटककार विजय तेंडुलकरांनाही कळले नव्हते. प्रस्तावना लिहायची म्हणून त्यांनी ढसाळांना अर्थ विचारले, त्यांच्यासोबत गोलपिठा या मुंबईतल्या वेश्यावस्तीतून फिरून आले. पण न कळताही एक गोष्ट कळली होती. आपली माणसं कवितेत अशी उभी राहू शकतात, कुणाचीही माफी न मागता.

लग्नानंतर बायकोने मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हातात ठेवलं. शाहीर अमर शेखांची मुलगी, स्वतः कवयित्री, ढसाळांची बायको. पुस्तक १९८४चं. संसार, मारहाण, आजारपण, मुलासाठीची ओढाताण, काहीही झाकलेलं नाही. मी ते एका बैठकीत वाचू शकलो नाही. गोलपिठ्यातल्या बाईच्या देहाची विटंबना ज्याने एवढ्या जवळून पाहिली, त्याला घरातली बाई दिसली नाही? हा प्रश्न माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेला नाही.

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "घरातलं घरात. आपल्या वैऱ्यांच्या हाती कशाला कोलीत द्यायचं?" त्यांची भीती खोटी नव्हती. ज्यांना गोलपिठा कधीच नको होता, तेच लोक मल्लिकाताईंचं पुस्तक पुढे करून कविता मोडीत काढताना मी पाहिले आहेत. अशांना मल्लिकाताईंच्या दुःखाशीही काही देणंघेणं नसतं.

पण वडिलांचीही ढसाळांवर एक तक्रार होती, आणि ती मरेपर्यंत राहिली. जानेवारी १९७४ला वरळीत पँथर आणि शिवसेना समोरासमोर आली, त्याच महिन्यात पुढच्या मोर्चात पँथरचे भागवत जाधव मारले गेले. त्याच शिवसेनेशी ढसाळांनी पुढे जवळीक केली, ते वडिलांनी माफ केलं नाही. त्याआधी आणीबाणीत इंदिरा गांधींची भलामण केली, तेही नाही. घरात जे घडलं ते मात्र त्यांनी पोटात घातलं. माझं नेमकं उलटं आहे. राजकारणात माणूस हरतो, थकतो, तडजोडी करतो, ते मी समजू शकतो. घरातलं मला समजून घेता येत नाही.

१५ जानेवारी २०१४ला ढसाळ गेले. आम्ही दोघेही रडलो. मुलगी एमएला मराठी घेऊन बसली तेव्हा मी तिला दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी दिली. आधी कुठलं वाचायचं ते तिने ठरवलं. तिने मल्लिकाताईंचं आधी वाचलं.

*

दादर, गृहिणी

वरचं वाचून आईची आठवण झाली. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९०मध्ये आलं तेव्हा आमच्या आख्ख्या मजल्यावर भांडणं झाली. पु. लं.नी कुणावर अत्याचार केला नव्हता. सुनीताबाईंनी फक्त सांगितलं की या लाडक्या माणसाचं घर, व्यवहार, तालमी, हिशेब, सगळं कोण सांभाळत होतं आणि त्याची जाणीव त्याला किती होती. पण तेवढ्यानेही माणसं बिथरली. शेजारचे काका म्हणाले, नवऱ्याबद्दल असं लिहितात का! आई एक अक्षर बोलली नाही. पुस्तक वाचनालयाचं होतं, ते तिने मुदत वाढवून घेत महिनोन्‌महिने परत केलं नाही. पु. लं.च्या कॅसेटी ती पूर्वीसारखीच ऐकायची, पूर्वीसारखीच हसायची. फक्त त्यानंतर वडील हसत हसत "चहा टाक गं" म्हणाले की ती जागची उठायची नाही.

*

पुणे, पुस्तकांची मांडणी करते

एरिक गिल हा इंग्रज शिल्पकार आणि अक्षररचनाकार. १९२८चा 'गिल सॅन्स' हा टाइप त्याचाच. बीबीसीचं बोधचिन्ह १९९७पासून २०२१पर्यंत याच अक्षरांत होतं. गिल १९४०मध्ये मेला. त्याने स्वतःच्या मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते आणि ते स्वतःच्याच डायऱ्यांत टिपून ठेवले होते. १९८९मध्ये चरित्र आलं तेव्हा ते जगाला कळलं.

मी हे शिकत असताना ऐकलं होतं, फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग लहान मुलांच्या द्विभाषिक पुस्तकांचं काम आलं आणि प्रकाशकांनी इंग्रजीसाठी 'गिल सॅन्स इन्फंट' सुचवला. मुलं हाताने गिरवतात तसा साधा ए, तसाच साधा जी, खास बालवाचकांसाठी केलेला प्रकार. अक्षरं खरोखर देखणी आहेत. स्क्रीनवर ती मांडली आणि पुढे माझा हातच चालेना. लहान मुलीने बोट ठेवून वाचायचं पान आणि त्यावर या माणसाची अक्षरं! मी 'मुक्त' वापरला. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या अक्षररचनाकारांचा आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच घडणीचे, ओळी एकमेकींना छान धरून राहतात.

प्रकाशकांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, वाचणाऱ्याला काय कळणार आहे? वाचणाऱ्याला नाही कळणार, हे खरं आहे. पण पानं मी लावते.

*

अश्दोद, इस्रायल

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबांचं घर अलिबागजवळ, गावात आम्हाला शनवार तेली, म्हणजे शनिवारी काम बंद ठेवणारे तेली, म्हणायचे. मी लहान असताना आईबाप इथे आले. घरात अजून मराठीच.

इथे जर्मन संगीतकार वागनरचं संगीत जाहीर कार्यक्रमात वाजवत नाहीत. कायदा नाही, पण प्रघात पक्का आहे. वागनर हिटलर जन्मायच्या आधीच, १८८३मध्ये वारला. पण ज्यू लोक संगीताला कसे नासवतात असा विखारी निबंध त्याने १८५०मध्ये टोपणनावाने लिहिला आणि १८६९मध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. पुढे नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं. नोव्हेंबर १९३८ला जर्मनीत ज्यूंची दुकानं, देवळं जाळली, तेव्हा इथल्या वाद्यवृंदाने ठरलेल्या कार्यक्रमातून वागनर काढला तो काढलाच.

१९८१मध्ये वाद्यवृंदाचे संचालक झुबिन मेहतांनी तेल अवीवमध्ये कार्यक्रमानंतर वागनर वाजवायला घेतला. ज्यांना नको असेल त्यांनी जावं, असं आधी सांगितलंही. छळछावणीतून वाचलेला एक द्वारपाल मंचापाशी गेला आणि त्याने सदरा उघडून अंगावरचे व्रण दाखवले. मेहता मुंबईचे म्हणून आमच्या घरात त्यांचं केवढं कौतुक! त्या दिवशी मात्र आई म्हणाली, "आपल्या मुंबईच्या पोराला हे कसं कळलं नाही?" २००१मध्ये दुसरे एक वाद्यवृंद-संचालक बारेनबॉइम यांनी जेरुसलेममध्ये श्रोत्यांशी अर्धा तास बोलून मग वाजवलं. काही लोक दारं आपटत निघून गेले, बाकीच्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मला वागनर आवडतो. लपवत नाही. आणि कोकणात आम्हाला कुणी छळलं नव्हतं, तेव्हा ती जखम माझ्या अंगावरची नाही, हेही जाणून आहे. आमच्या खालच्या मजल्यावर पोलंडच्या एक बाई राहायच्या, हातावर आउशवित्झचा निळा आकडा. तरुणपणी मी त्यांना सरळ विचारलं, मी घरी ही रेकॉर्ड लावली तर चालेल का? त्या म्हणाल्या, तू ऐक, पण खिडकी लावून घे. त्या वारल्या त्याला बरीच वर्षं झाली. सभागृहात वाजवायला माझा आजही विरोध आहे. तिथे खिडकी लावता येत नाही, आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय ते कुणी विचारत नाही.

*

माटुंगा, सेवानिवृत्त अभियंता

थोडं वेगळं. मार्च २०२४मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णांना 'संगीत कलानिधी' हा सन्मान जाहीर केला आणि त्यांच्या मतांना विरोध म्हणून रंजनी-गायत्री भगिनींनी त्या वर्षीच्या महोत्सवातून माघार घेतली. मला दोन्हीकडचं गाणं मनापासून आवडतं. या बहिणी मुंबईत वाढलेल्या, त्यांचे अभंग आषाढीला आमच्या घरी लागतात. कृष्णांचं गाणंही तितकंच ऐकतो. न पटणारं मत आणि कुणावर केलेला अत्याचार एका मापाने मोजू नका, एवढंच सांगायला लिहितोय. मत नाही पटलं तर त्यावर भांडता येतं.

*

सातारा, कॉलेजात मराठी शिकवतो

माटुंग्याच्या काकांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मी विष्णुशास्त्री चिपळूणकर शिकवतो. 'निबंधमाला' १८७४ ते १८८१. मराठी गद्याला त्यांनी जो डौल दिला तो नाकारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याच मालेत त्यांनी जोतीराव फुल्यांची यथेच्छ टवाळी केली. 'गुलामगिरी' १८७३ची. तिच्यातल्या विचाराला उत्तर देण्याऐवजी फुल्यांचं व्याकरण काढलं, जात काढली.

एका वर्षी तो उतारा मी वर्गात वाचला. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, वाक्य झ्याक हाय, पण ते माझ्या आज्याला हाणलंय." त्या दिवसापासून मी हा पाठ वेगळ्या रीतीने घेतो. एकेक वाक्य फळ्यावर मोडून दाखवतो. आपल्याला खूश करणारा लांब पल्ला, मध्येच घेतलेली गिरकी, शेवटची टपली, हे सगळं नेमकं कुणाला खाली दाबायला वापरलंय ते मुलंच शोधतात. इथे लेखक एकीकडे आणि लेखन दुसरीकडे करायचं म्हटलं तर हाती काहीच उरत नाही. शैली त्या तुच्छतेवरच पोसली आहे. मग 'शेतकऱ्याचा असूड'मधली पानं वाचतो, ओबडधोबड म्हणून हिणवलेली. १८८५च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून का नाकारलं, ते यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

*

गाव लिहीत नाही, गाणं शिकवते

सगळ्यांचं वाचलं. तुम्ही सगळे श्रोते आहात, वाचक आहात. माझं जरा निराळं आहे.

मी ख्याल शिकले. कुणाकडे ते सांगणार नाही. गंडा बांधला तेव्हा कॉलेजात होते. तालीम विलक्षण असायची. एका स्वरावर तासभर बसवायचे आणि त्या तासाच्या शेवटी तो स्वर खरोखर वेगळा लागायचा. इतर जणी गेल्या की मला थांबवून घ्यायचे. श्वास कुठून यायला हवा ते दाखवायचं म्हणून हात लावायचे. पुढचं लिहीत नाही. घरी सांगितलं तेव्हा आईने त्या दिवसापासून क्लास बंद केला. नातेवाइकांतले एक जाणते गृहस्थ म्हणाले, मोठी कलाकार माणसं अशीच असतात, विद्या घ्यायची आणि बाकीचं सोडून द्यायचं.

श्रोत्याला ते जमतं, कारण त्याच्यासमोर फक्त मैफल येते. मला दोन्ही एकाच खोलीत, एकाच माणसाकडून मिळालं. यमनमधली एक विलंबित बंदिश आहे. तिच्यात समेवर येताना घ्यायची एक जागा, म्हणजे स्वरांचं एक वळण, खास त्यांची. आजही माझ्या गळ्यातून तीच निघते. दुसरी घ्यायला जाते तर लय सांडते. बरीच वर्षं मी यमनच टाळला.

२०१८मध्ये मद्रासच्या अकादमीने तक्रारींनंतर डिसेंबरच्या महोत्सवातून सात कलाकारांची नावं वगळली. ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आमच्या या जगात कुणाला तरी हे ऐकू जातं. त्यानंतर मी यमन पुन्हा काढला. ती बंदिश त्यांनी रचलेली नाही, त्यांना त्यांच्या गुरूंकडून आली आणि त्यांच्या गुरूंना आणखी कुणाकडून. ती गाताना मला कुणाची परवानगी लागत नाही. ती जागासुद्धा घेते, कारण तिच्यासाठी घासलेला गळा माझा आहे. फक्त नाव घेत नाही आणि कानाच्या पाळीला हात लावत नाही. कुणाकडे शिकलात असं विचारलं तर घराणं सांगते. लोकांना ते उद्धट वाटतं, वाटू दे.

आज माझ्याकडे मुली येतात. तालमीच्या खोलीचं दार उघडं असतं, आईवडिलांपैकी कुणालाही केव्हाही येऊन बसता येतं, आणि श्वासाचं शिकवायचं तर मी स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवते, मुलीने तिचा तिच्यावर ठेवायचा. मुलीला गाण्याला घालणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारा, तालमीला कुणी बसलं तर चालेल का? एकाग्रता मोडते असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा, गुरुजी कितीही मोठे असले तरी.