शब्दचर्चा : ‘१ मिनिटांपूर्वी’ की ‘१ मिनिटापूर्वी’?

प्रश्न : एका अ‍ॅपच्या मराठीकरणात सर्व संख्यांसाठी ‘मिनिटांपूर्वी’ ही एकच ओळ दिलेली आहे, त्यामुळे पडद्यावर ‘१ मिनिटांपूर्वी’ असे उमटते. बोलताना अनुस्वार फारसा ऐकू येत नाही; तरीही ही चूक मानावी का?

उत्तर : मानावीच. शब्दयोगी अव्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते आणि अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो, म्हणून एका मिनिटाला ‘मिनिटापूर्वी’ आणि पाचांना ‘मिनिटांपूर्वी’. ‘तास’, ‘दिवस’, ‘संदेश’ ही अकारान्त पुल्लिंगी नामे दोन्ही वचनांत सारखीच दिसतात, त्यामुळे एक ओळ पुरेल असा समज होतो. परंतु ‘तासापूर्वी’ व ‘तासांपूर्वी’ यांत वचन सामान्यरूपात प्रकटते, तर ‘संदेश आला’ व ‘संदेश आले’ यांत ते क्रियापदात असते. म्हणून सुट्या नामाची दोन रूपे मागून भागत नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे अख्ख्या वाक्याचेच दोन पर्याय मागावेत. युनिकोडच्या सीएलडीआर या, भाषाभाषांचे नियम नोंदणाऱ्या माहितीसंचात संख्येनुसार रूप निवडण्यासाठी मराठीला ‘एक’ आणि ‘इतर’ असे दोनच वर्ग आहेत (अरबीला सहा आहेत), तेव्हा ही मागणी मुळीच अवाजवी नाही. अँड्रॉइडच्या ‘प्लुरल्स’मध्ये, म्हणजे संख्येनुसार ओळ निवडण्याच्या सोयीत, शून्याचा पर्याय लिहिला तरी मराठीत तो निवडला जात नाही; ‘नवीन संदेश नाहीत’ ही ओळ वेगळीच ठेवावी लागते.

पुरवणी : अपूर्णांकांचे काय? प्रणाली १.५ ला ‘इतर’ वर्गात टाकते आणि ‘१.५ वर्षांपूर्वी’ असे लिहिते. आपण मात्र ‘दीड वर्षापूर्वी’ म्हणतो, एकवचनात. अनेकवचन ‘अडीच वर्षांपूर्वी’पासून सुरू होते. माझ्या मते असे वाक्य ‘दीड’, ‘अडीच’ हे शब्द वापरून स्वतंत्रपणे लिहावे, कारण मराठी वाचक दशांशचिन्हात वर्षे मोजत नाही.

क्रमवाचकांत तर दोन वर्ग अपुरेच पडतात. पहिला, दुसरा-तिसरा, चौथा आणि पाचव्यापासून पुढे ‘वा’, असे चार वर्ग सीएलडीआरमध्ये नोंदलेले आहेत. पण लिंग त्यात नाही. ‘३रा प्रयत्न’, ‘३री फेरी’ आणि ‘३रे पान’ यांसाठी एकच साचा चालवला, तर तीनांपैकी दोन ठिकाणी तो चुकणारच. तिथे ‘फेरी क्र. ३’ असे लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते.