'डिस्क्रिमिनेशन'ला मराठीत काय म्हणायचं? (ब्रेकर-फ्यूजच्या संदर्भात)

कृष्णाकाठ
सांगलीतल्या आमच्या सोसायटीचं वायरिंग नव्यानं होतंय. २०१९च्या पुरानंतर मीटर पहिल्या मजल्यावर नेले, पण आतला माल जुनाच राहिला. सल्लागाराचा इंग्रजी अहवाल सभासदांसाठी मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. एका वाक्यावर अडलोय: मेन ब्रेकर, मजल्यावरचे फ्यूज आणि घरातल्या एमसीबी (आपोआप पडणारे छोटे ब्रेकर) यांच्यात 'डिस्क्रिमिनेशन' हवं. अर्थ असा, की शॉर्ट ज्या घरात झालं त्याच घराची एमसीबी पडावी; लिफ्ट, जिन्यातले दिवे, शेजारी चालू राहावेत. मी 'समन्वय' लिहिलं. कमिटीतल्या निवृत्त मास्तरांनी ते खोडून 'विवेक' केलं. कोणतं ठेवू?

मिरजेचा वायरमन
मी पोरांना 'पायरीनं पडलं पाहिजे' असं सांगतो. खालचं आधी, वरचं नंतर. लगेच कळतं.

शब्दवेडी
मास्तर बरोबर आहेत. विवेक म्हणजे नुसता शहाणपणा नव्हे. वि + विच्, म्हणजे वेगळं काढणं. नीरक्षीरविवेक आपण म्हणतोच. बिघडलेली शाखा चांगल्यांतून वेगळी काढायची, हेच तर ब्रेकरचं काम. हजार वर्षं वापरात असलेला शब्द सोडून 'डिस्क्रिमिनेशन' कशाला?

कुपवाडचा पॅनेलवाला
शब्द कोणताही घ्या, पण 'समन्वय' नको. तो कोऑर्डिनेशनला, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक तुमची पायरी. दुसरी बॅकअप: खालच्या एमसीबीची तोडण्याची ताकद ६ केए (६ हजार अँपिअर), तिथे शॉर्टचा करंट ८ केए येऊ शकतो, तर वरचा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, तिच्या मदतीला धावतो. जोडी कंपनीनं तपासलेली असेल तर हे चालतं. पण तेव्हा दोन्ही पडतात आणि अख्खी विंग अंधारात जाते. म्हणजे समन्वय आहे, पायरी नाही. सभासदांनी 'समन्वय' वाचून होकार दिला आणि पुढे लिफ्ट अडकली, तर भांडण तुमच्याशी.

कृष्णाकाठ
हा फरक अहवालात कुठेच सांगितलेला नाही. मग आमच्याकडे नेमकं काय होईल?

कुपवाडचा पॅनेलवाला
घरात ३२ अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी धरा; सी-कर्व्ह म्हणजे रेटिंगच्या पाच ते दहापट करंटला झटक्यात पडणारी. ती १६० ते ३२० अँपिअरच्या दरम्यान झटक्यात पडायला लागते. वर १२५चा साधा एमसीसीबी, झटक्याचं सेटिंग दहापट, म्हणजे १२५०. लांबच्या खोलीत शॉर्ट झालं, ८०० अँपिअर आले, तर फक्त घरची पडेल. पॅनेलजवळ झालं, ३००० आले, तर दोघांच्याही मर्यादा ओलांडल्या. दोन्ही पडण्याचा धोका. त्यासाठी वरच्याला थोडा उशीर लावता येणारा ब्रेकर घ्यायचा, किंवा कंपनीचा जोड्यांचा तक्ता बघायचा. नुसतं '१२५ मोठा, ३२ छोटा' म्हणून भागत नाही. फ्यूजवर फ्यूज असेल तर सोपं: एकाच जातीच्या एचआरसीत (मोठा करंट तोडू शकणारे बंद फ्यूज) वरचा साधारण १.६ पट ठेवतात, ६३च्या मागे १००. फ्यूजखाली एमसीबी असेल तर एमसीबी तोडेपर्यंत जेवढी ऊर्जा आत जाऊ देते, तेवढ्यात फ्यूजची तार वितळायला सुरुवात होता कामा नये.

साताऱ्याची सून
पण 'समन्वया'ला असं हाकलू नका. सम् + अन्वय. अन्वय म्हणजे एकामागून एक येणं, वंशाचा क्रमसुद्धा. क्रमानं पडणं हे त्याच्या पोटातच आहे. 'समन्वय समिती' म्हणून म्हणून आपणच त्याचा अर्थ 'सगळे मिळून' असा करून टाकलाय.

शब्दवेडी
पोटात असेल, पण आज कुणाला ऐकू येतो? ज्याला नोटीस वाचायचीय त्याला व्युत्पत्ती पाठ नसते.

साताऱ्याची सून
हेच 'विवेका'लाही लागू आहे.

मिरजेचा वायरमन
नोटिशीत आणखी एक बघा. फ्यूज 'उडतो', एमसीबी 'पडते'. फ्यूज उडाला तर तार नवी घालायची, एमसीबी पडली तर दोष काढून वर करायची. दोन्हीला 'खंडित झाले' लिहिलंत तर माणूस काय करायचं ते विचारायला माझ्याकडेच येणार.

जुना सांगलीकर
'ती एमसीबी' का पण? ब्रेकर पुल्लिंगी.

मिरजेचा वायरमन
तो ब्रेकर, ती एमसीबी. ती बटणासारखी दिसते म्हणून असेल. बटण मात्र 'ते'.

शब्दवेडी
आणि फ्यूजला शाळेच्या पुस्तकातला 'वितळतार' आहे. कामही सांगतो, रूपही. तो वापरा.

जुना सांगलीकर
काचेच्या नळीतला किंवा चिनी मातीतला एचआरसी बघून कुणी 'तार' म्हणेल का? हातानं तार घालायच्या जुन्या किटकॅट फ्यूजला शोभतो तो शब्द. बरं, अहवालात 'डीपी' आलाय का? तो आधी निस्तरा. आमच्याकडे डीपी म्हणजे कोपऱ्यावरचं ट्रान्सफॉर्मर, दुकानात डीपी म्हणजे दोन पोलांची एमसीबी, आणि महापालिकेत डीपी रस्ता.

कृष्णाकाठ
आलाय, दोन ठिकाणी. दोन्हीकडे दोन पोलांचीच असावी.

साताऱ्याची सून
ट्रान्सफॉर्मरला 'रोहित्र' लिहा, पेपरात रोज येतो.

जुना सांगलीकर
रोहित्र 'रुह्' म्हणजे चढणे यावरून असेल, तर ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करणाऱ्यालाही रोहित्र कसं? तो तर उतरवतो.

शब्दवेडी
रुह् म्हणजे नुसतं चढणं नाही, वाढणंही. पण प्रश्न रास्त आहे. याचा वेगळा धागा काढू या का?